शुगर म्हातारपणाची वाट पाहत नाही

(हुडकेश्वर येथे महिला व पालकांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी डॉक्टर नाही. बत्तीस वर्षं महापालिकेच्या शाळेत शिकवलं आणि आता निवृत्त आहे. मला इथं बोलावलं ते एवढ्यासाठी की आमच्या एकाच घरात दोन प्रकारची शुगर आली. माझ्या मुलीला वयाच्या नवव्या वर्षी, आणि माझ्या सुनेला पोटात बाळ असताना. दोघींची शुगर वेगळी, कारण वेगळं, उपचारही वेगळा. शेजाऱ्यापाजाऱ्यांचं वाक्य मात्र दोन्ही वेळी एकच होतं: "गोड फार खाल्लं असेल." त्या वाक्याने आमचं किती नुकसान केलं, ते सांगायला मी आले आहे.

आधी मुलीचं सांगते. २००४ सालचा मे महिना होता. तेव्हा हुडकेश्वरला ग्रामपंचायत होती, आमच्या ले-आऊटमध्ये मोजून अकरा घरं आणि डांबराचा पत्ता नव्हता. नागपूरचा मे तुम्हाला सांगायला नको. पोट्टी दिवसभर पाणी पीत होती. मी म्हटलं, ऊन आहे, पिणारच. रात्री चारचारदा लघवीला उठायची. म्हटलं, पाणी पिते म्हणून. मग एके रात्री अंथरूण ओलं झालं. नऊ वर्षांची मुलगी, तिसऱ्या वर्षापासून कधी अंथरूण ओलं केलं नव्हतं! मी रागावले तिला. आजही ते आठवलं की मला स्वतःची लाज वाटते. सुट्टीत फ्रॉक ढिले झाले, तर सासूबाई म्हणाल्या, "उंची वाढतेय." प्रत्येक गोष्टीला आमच्याकडे एक सोयीचं कारण होतं, आणि उन्हाळा तर सगळ्याच कारणांचा बाप.

तिसऱ्या आठवड्यात उलट्या सुरू झाल्या, पोट दुखायला लागलं. जवळच्या एका दवाखान्यात नेलं. उन्हाचा त्रास आहे म्हणून सलाईन लावली, आणि ती ग्लुकोजची होती. कुणी बोटाला सुई टोचून एक थेंब रक्त पाहिलं नाही. संध्याकाळपर्यंत ती गुंगीत गेली, श्वास खोल आणि भराभर चालला होता, धावून आल्यासारखा. ऑटो करून म्हाळगीनगर, मानेवाडा, तुकडोजी पुतळा करत आम्ही मेडिकलला पोचलो. तिथल्या एका तरुण डॉक्टरांनी तिच्या तोंडाजवळ वाकून वास घेतला. पिकून सडायला आलेल्या फळासारखा वास होता. आम्हाला तो आदल्या दिवसापासून येत होता, पण त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. रक्तातली साखर निघाली ५४०. तीन दिवस अतिदक्षता विभागात गेले.

याला डॉक्टर कीटोअॅसिडोसिस म्हणतात. शाळेत मुलांना समजावत असे तसं सांगते. घरात गव्हाची पोती भरली आहेत, पण गिरणी बंद पडली आहे. पोती ओसंडून अंगणात चाललीत आणि घरातली माणसं उपाशी. स्वादुपिंडात तयार होणारं इन्सुलिन म्हणजे ही गिरणी. ती बंद पडली की साखर रक्तात साचते, लघवीवाटे वाहून जाते, जाताना पाणी ओढून नेते, म्हणून तहान. पेशींना मात्र काही मिळत नाही, मग शरीर स्वतःची चरबी जाळू लागतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात, ती रक्तात साठतात, आणि मूल उलट्या करतं, धापा टाकतं, शेवटी बेशुद्ध होतं. लोकांना वाटतं गॅस्ट्रो झाला, अपेंडिक्स आहे, न्यूमोनिया आहे. मुलांमध्ये हे सगळं काही दिवसांत होतं, शेवटचा टप्पा तर काही तासांत.

गिरणी बंद का पडते? टाइप १ मधुमेहात शरीराची स्वतःची संरक्षण यंत्रणाच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना परकं समजून मारते. मूल किती मिठाई खातं याच्याशी त्याचा संबंध नाही. आईने गरोदरपणी काय खाल्लं, कुणाची नजर लागली, याच्याशीही नाही. हे मी मुद्दाम सावकाश बोलते, कारण असल्या प्रत्येक घरात पहिला आरोप आईवर होतो.

मग लक्षात काय ठेवायचं? तहान, पुन्हा पुन्हा लघवी, घटणारं वजन, थकवा. कोरडं झोपणारं मूल पुन्हा अंथरूण ओलं करू लागलं तर त्याला रागावण्याआधी साखर तपासा. मोरीत मुंग्या लागत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा. यातली लक्षणं असताना कुठल्याही वेळी काढलेली साखर २०० किंवा वर आली, तर तो मधुमेह धरायचा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जायचं. सोमवारी दाखवू, पगार झाला की दाखवू, असं नाही. आणि तुमचा डॉक्टर स्वतःहून म्हणाला नाही तर तुम्ही म्हणा, "साहेब, एकदा शुगर बघा ना." त्यात त्यांचा अपमान नाही. हल्ली जाड मुलांमध्ये मोठ्या माणसांसारखा टाइप २ सुद्धा दिसू लागला आहे. मानेवर मळासारखा काळा, जाडसर पट्टा दिसतो आणि आई तो घासून घासून काढायचा प्रयत्न करते. तो मळ नसतो, घासू नका, तपासणी करा.

मेडिकलमधून निघताना डॉक्टरांनी सांगितलं, रोज इन्सुलिन, आयुष्यभर. माझे मालक भिंतीला टेकून खालीच बसले. घरी आल्यावर सल्ल्यांचा पूर आला. ताजबागेत नेऊन आणा, अमुक गावी जडीबुटी मिळते, कारल्याचा रस द्या. ताजबागेत आम्ही गेलो, दुआ मागितली, मनाला बरं वाटलं. पण इन्सुलिनची सुई एकही दिवस चुकवली नाही. आमच्या ओळखीत एक मुलगी होती, माझ्या मुलीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. कुणीतरी काढा दिला आणि सांगितलं की सुई बंद केल्याशिवाय काढा लागू होत नाही. चौथ्या दिवशी ती गेली. तिच्या भावाला ताप आला तरी दोन डॉक्टर होत होते त्या घरात. मी यावर जास्त बोलणार नाही.

आणखी एक प्रश्न मला कानात विचारला जातो, म्हणून तो माईकवर घेते. इन्सुलिन डुकरापासून बनतं का? आमच्या हिंदू मैत्रिणी विचारतात, गाईपासून बनतं का? पूर्वी खरंच डुकराच्या आणि गुराच्या स्वादुपिंडातून ते काढत. पण मानवी इन्सुलिन जिवाणूंकडून तयार करून घेण्याची पद्धत आली आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. आज आपल्याकडे दुकानात मिळतं ते असंच, जिवाणू किंवा यीस्ट यांच्या मदतीने बनवलेलं. आणि समजा ते आजही जुन्याच पद्धतीचं असतं, तरी जीव वाचवण्यासाठी काय चालतं, याचं उत्तर कुठल्याही जाणत्या आलिमला विचारून या.

इन्सुलिन नव्हतं तेव्हा काय होत असेल? अशा मुलांना उपाशी ठेवत आणि काही महिने, फार तर एखाददोन वर्षं ती तग धरत. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोमध्ये लेनर्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इन्सुलिन टोचलं. ते पुरेसं शुद्ध नव्हतं. बारा दिवसांनी कॉलिप यांनी शुद्ध केलेलं दिलं आणि साखर उतरली. तो मुलगा पुढे तेरा वर्षं जगला. शोध लावणाऱ्यांनी पेटंट टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला दिलं. त्यातले फ्रेडरिक बँटिंग यांचा वाढदिवस १४ नोव्हेंबर, म्हणून तो जागतिक मधुमेह दिन. आपल्या शाळांत त्या दिवशी बालदिन असतो, फुगे लावतो आपण. इतकी वर्षं शाळेत काढली, पण या दोन दिवसांना जोडून कुणी चार वाक्यं बोललेलं मला आठवत नाही. मीही नाही, मुलगी आजारी पडेपर्यंत.

एक डॉलरला दिलेलं ते औषध आज गरिबाला परवडत नाही, हे दुःख नागपूरच्या एका माणसाला कळलं होतं. डॉ. शरद पेंडसे यांनी १९९५ मध्ये ड्रीम ट्रस्ट सुरू केला, गरीब घरातल्या टाइप १ च्या मुलांना इन्सुलिन, सुया, तपासणी आणि शिक्षण मिळावं म्हणून. धर्म, जात न विचारता विदर्भातली मुलं तिथं येत राहिली. आपल्या शहरात हे घडलं आहे, हे आपल्याच लोकांना ठाऊक नसतं. सरकारची घराघरातली शुगर तपासणी तीस वर्षांवरच्या लोकांसाठी आहे. नऊ वर्षांच्या पोरीच्या दारात ती मोहीम येत नाही.

आता थोडं रोजच्या कामाचं, कारण माणसं चुकतात ती इथं. आपल्याकडे इन्सुलिनची बाटली ४० युनिटची असते, तिची सुईही ४० ची, लाल टोपणाची. पेनमधलं इन्सुलिन १०० युनिटचं. १०० चं औषध ४० च्या सुईत भरलं तर अडीचपट डोस जाईल, आणि मूल हातचं जाऊ शकतं. दुकानदाराने दिलं म्हणून घेऊ नका, बाटली आणि सुई दोन्हींवरचा आकडा वाचा. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा, पण बर्फाच्या कप्प्यात कधीच नाही. एकदा गोठलं की ते फेकायचं. फ्रिज नसेल तर मातीची दोन मडकी घ्या, एकात एक ठेवा, मधे वाळू भरा, वाळू ओली ठेवा, वर ओलं फडकं टाका आणि सावलीत ठेवा. बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आत ठेवायची. आपला उन्हाळा कोरडा असल्यामुळे हे चांगलं चालतं, माठाचं पाणी गार होतं तसंच. स्कूटरच्या डिकीत मात्र इन्सुलिन पाच मिनिटंही ठेवू नका.

साखर वाढते तशी उतरतेही. घाम, थरथर, भूक, चिडचिड, भलतंच बोलणं. ७० च्या खाली आली की तीन छोटे चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काही ओतू नका, कुशीवर वळवा आणि दवाखान्यात न्या. हे मुलाच्या वर्गशिक्षिकेला ठाऊक असायलाच हवं. सीबीएसईने २०१७ मध्ये टाइप १ च्या मुलांना बोर्डाच्या परीक्षेत खाऊ सोबत नेण्याची परवानगी दिली. राष्ट्रीय बालहक्क आयोगाने २०२३ मध्ये शाळांनी अशा मुलांना साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावं, असं कळवलं. शाळेत "नाही" म्हणाले तर ही दोन वर्षं सांगा. मी स्वतः शिक्षिका होते, तरी मुलीच्या शाळेत मला तीनदा जावं लागलं.

रमजानचंही सांगते. मुलगी तेरा वर्षांची असताना मैत्रिणींच्या बरोबरीने तिने आम्हाला न सांगता रोजा धरला. सहरीनंतर इन्सुलिन नेहमीएवढंच घेतलं. दुपारी गणिताच्या तासाला ती बाकावर कलंडली. साखर ५२ होती. तिला शुद्धीवर आल्यावर काय वाटलं असेल? रोजा तुटला म्हणून ती रडत होती! कुरआनात आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोज्यातून सवलत स्पष्ट दिलेली आहे, गरोदर बाईला स्वतःची किंवा बाळाची भीती असेल तर तिलाही सवलत आहे यावर फिकहचे जाणकार सहमत आहेत. ज्याला ठेवायचाच आहे त्याने दीडदोन महिने आधी डॉक्टरांशी बोलावं. रोज्यात बोटाला टोचून साखर पाहिल्याने रोजा तुटत नाही. ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर लगेच सोडावा. आमच्या मोहल्ल्यातल्या मौलानांनी माझ्या मुलीला समोर बसवून सांगितलं, "बेटी, तुझ्यावर हा बोजा टाकलेलाच नाही." माझ्या शंभर वाक्यांनी झालं नव्हतं ते त्या एका वाक्याने झालं. म्हणून माझी इथल्या इमाम साहेबांना विनंती आहे, शाबानमधल्या एखाद्या जुम्म्याला हे बोला.

आता सुनेचं. वय चोवीस, वजन बावन्न किलो, अंगाने काडी. दिवस राहिल्यावर कसलाच त्रास नव्हता. गरोदरपणातल्या शुगरची हीच अडचण आहे, बहुतेक वेळा ती काही सांगत नाही. वारेतून, म्हणजे प्लॅसेंटातून, जी संप्रेरकं निघतात ती इन्सुलिनला नीट काम करू देत नाहीत. गिरणी चालू असते, पण दळण दुपटीने आलेलं. काही बायकांची गिरणी ते पेलते, काहींची नाही. आणि आपल्याकडे बारीक बाईही यातून सुटत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली साडेतीन किलोची. पण आपल्या लहानशा बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने राखलेली. दिसायला रोड, आतून चरबीचं. म्हणून "आमच्यात कुणी जाड नाही" ही सबब आपल्याला चालत नाही.

तपासणी अगदी सोपी आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून पाचदहा मिनिटांत प्यायचं, दोन तासांनी रक्त द्यायचं. उपाशी असायची अट नाही. आकडा १४० किंवा वर आला तर गरोदरपणातला मधुमेह. अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर दुसऱ्या दिवशी पुन्हा करायची. केंद्र सरकारच्या सूचनेप्रमाणे ही तपासणी दोनदा व्हायला हवी, पहिल्यांदा नाव नोंदवतानाच आणि मग २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान. सुनेची पहिली नॉर्मल होती. सव्विसाव्या आठवड्यात १६८ आली. पहिलीवर समाधान मानून बसलो असतो तर?

घरात लगेच तिचं जेवण तोडायला निघाले सगळे. भात बंद, पोळी बंद. डॉक्टरीणबाईंनी आम्हा सगळ्यांना झापलं. पोटात बाळ आहे, उपाशी ठेवायचं नाही. थोडं थोडं, दिवसातून पाचसहा वेळा, ज्वारीची भाकरी, डाळ, अंडं, भाजी. शरबत, शीरखुर्मा, बिस्किटं बंद. रोज अर्धा तास चालायचं. आता हुडकेश्वर रोडवर बाईने चालायचं कुठं, टिप्परच्या मधून? मग आम्ही तिघीचौघी मगरिबनंतर ले-आऊटच्या आतल्या गल्लीत फेऱ्या मारू लागलो. दोन आठवड्यांनी जेवणानंतर दोन तासांची साखर १२० च्या आत यायला हवी होती, १३५ आली, मग थोडं इन्सुलिन सुरू झालं. ते ऐकून तिच्या माहेरचे घाबरले, "आता आयुष्यभर लागलं." नाही. बाळंत झाल्यावर ते बंद झालं. बाळ ३.१ किलोचं, नॉर्मल बाळंतपण. साखर आवरली नसती तर बाळ प्रमाणाबाहेर मोठं होऊन खांदे अडकण्याची भीती असते, आणि जन्मल्याबरोबर त्याची साखर एकदम उतरण्याचीही. म्हणून अशा बाळाला पहिल्या तासातच छातीला लावायचं आणि टाचेतून थेंब घेऊन साखर बघायची. आधी मध किंवा घुट्टी देत बसायचं नाही.

बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी पुन्हा ७५ ग्रॅमची तपासणी असते. तिथं कुणीच जात नाही. बाळाच्या लसीला सगळे जातात, तिथंच आईचं रक्त द्यायला काय हरकत आहे? गरोदरपणात शुगर झालेल्या बाईला पुढे टाइप २ होण्याचा धोका सात ते दहा पटींनी जास्त असतो. माझ्या सुनेची नॉर्मल आली, तरी दरवर्षी बघतो.

शेवटचं, मुलीच्या लग्नाचं. पहिलं स्थळ आलं तेव्हा बिचवलीवाल्या खाला म्हणाल्या, "सांगू नका, निकाह झाल्यावर बघू." फ्रिजमधली बाटली कुठं लपवणार? आम्ही सांगितलं, स्थळ परत गेलं. दुसरंही गेलं. तिसऱ्या मुलाने विचारलं, "साखर उतरली तर मी काय करायचं?" तिथंच निकाह ठरला.

टाइप १ असलेल्या मुलीने मूल ठरवून व्हायला हवं, कारण बाळाचं हृदय, मेंदू पहिल्या आठ आठवड्यांत घडतात, दिवस राहिल्याचं कळेपर्यंत निम्मं काम झालेलं असतं. तिची तीन महिन्यांची सरासरी, एचबीए१सी, ८.४ होती. साडेसहाच्या आत आणायला सात महिने लागले. फॉलिक अॅसिड आधीपासून सुरू केलं, डोळे तपासले, मग पुढे पाऊल टाकलं. सासूबाई रोज विचारायच्या, "अजून काही नाही?" जावई सांगायचा, "अम्मी, आकडा यायचाय." गेल्या वर्षी तिला मुलगा झाला. पहिली साखर ४८, दूध पाजल्यावर तासाने ६१. तिचं स्वतःचं इन्सुलिन बाळंतपणानंतर एकदम निम्म्यावर आलं, रात्री पाजताना साखर उतरायची, म्हणून उशाशी गुळाचा खडा आणि पाणी ठेवत होतो.

आता मागच्या टेबलावर ती स्वतः मीटर घेऊन बसली आहे. ज्या मुलांची तहान, लघवी वाढली आहे, वजन उतरलं आहे, त्यांना आधी पाठवा. गरोदर असलेल्यांचं एका थेंबात भागणार नाही, त्यांनी आपला आठवडा आणि नाव आशाताईंकडे लिहून द्यावं, उद्या त्यांच्यासोबत आरोग्य केंद्रात मी येईन. दोन तास बसावं लागेल, स्वेटर विणायचं असेल तर सोबत आणा.